कॅमेरा आहे, पण बघतंय कोण?

एखाद्या वस्तीत मंगळसूत्र हिसकावलं गेलं की पहिली मागणी होते ती सीसीटीव्हीची. मागणी गैर नाही. पण कॅमेरा बसला की गुन्हा थांबतो, हे तिच्यामागचं गृहीत अर्धंच खरं आहे. पिझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस या अभ्यासकांनी 2019 मध्ये चाळीस वर्षांतल्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. कॅमेरे नसलेल्या भागांच्या तुलनेत कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मात्र ही सरासरी दिशाभूल करते. वाहनतळांवर घट 37 टक्क्यांची होती, तर हिंसक गुन्ह्यांत लक्षणीय फरक नव्हता. याचं नवल वाटायला नको. गाडी चोरणारा आधी अंदाज घेतो. वाहनतळाला आत-बाहेर जायच्या वाटा मोजक्या, नंबरप्लेट नेमकी कॅमेऱ्यासमोर येते, आणि पकडलं जाण्याची धास्ती खरी असते. दारूच्या नशेत किंवा रागाच्या भरात हात उगारणारा मात्र वर खांबाकडे पाहत नाही.

म्हणून हिंसा कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरच आहे का? तसंही नाही. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात 2011 मध्ये एक प्रयोग झाला. एरवी नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याला पडद्यावर काही संशयास्पद दिसलं, तरी त्याची नोंद इतर तक्रारींच्या रांगेत जायची आणि गाडी पोहोचेपर्यंत माणसं पांगलेली असायची. प्रयोगात निवडक कॅमेऱ्यांवर नजर ठेवायला स्वतंत्र कर्मचारी नेमला आणि त्याच्या थेट हाकेवर गस्तीच्या दोन गाड्या दिल्या. त्या ठिकाणी हिंसक गुन्हे आणि रस्त्यावरचा दंगा स्पष्टपणे घटला. कॅमेरे तेच होते. बघणारा आणि धावून जाणारा यांच्यातलं अंतर तेवढं मिटलं होतं.

यावर कुणी म्हणेल, गुन्हा थांबला नाही तरी आरोपी तर सापडतो. हे मला पूर्ण मान्य आहे. 26/11 नंतर मुंबईभर उभारलेल्या कॅमेऱ्यांचं मोल तपासात मोठं आहे. पण तपासासाठी चित्रण स्पष्ट हवं, टिकवलेलं हवं आणि मुळात कॅमेरा चालू हवा. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या ठळक असते. देखभाल आणि मनुष्यबळाचा खर्च मात्र पुढे वर्षानुवर्षं करावा लागतो, आणि हात आखडतो तो तिथेच. ‘ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती?’ हा पाळतीवरच्या आक्षेपांना दिला जाणारा युक्तिवादही तोकडा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलं आहे. चित्रण कोण पाहतो आणि किती दिवस ठेवतो, हे विचारणं नागरिकाचा अधिकार आहे. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश देताना याच न्यायालयाने 2020 मध्ये ते चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली. चौकातल्या प्रत्येक कॅमेऱ्यासाठीही असाच एक जबाबदार अधिकारी ठरवून द्यावा, आणि किती कॅमेरे बंद आहेत याचा हिशेब दर महिन्याला लोकांसमोर ठेवावा.