मिरजेतील तंतुवाद्यांची दुरुस्ती

मिरजेतील तंतुवाद्यांची दुरुस्ती ही महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कारागिरी आहे. तडकलेला भोपळा सांधणे, सुटलेली तबली पुन्हा बसवणे, लाखेचे पॉलिश नव्याने चढवणे आणि झिजलेल्या घोडीची जवारी काढणे ही तिची मुख्य अंगे होत. मिरजेची ख्याती सतार व तंबोरा घडवणारे गाव अशी असली, तरी या व्यवसायाचा आरंभ दुरुस्तीतूनच झाला, असे परंपरेने सांगितले जाते.

इतिहास

मिरज ही पटवर्धन घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. तेथील शिकलगार हे शस्त्रांना धार व झिलई देणारे कारागीर. ब्रिटिश अंमल स्थिरावल्यावर शस्त्रांची मागणी ओसरली आणि या कुटुंबांचे काम गेले. त्याच सुमारास संस्थानात गायक-वादकांचा राबता वाढत होता. मात्र बिघडलेले वाद्य उत्तरेकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नसे. फरीदसाहेब शिकलगार यांनी अशी वाद्ये उघडून त्यांची रचना समजून घेतली आणि १८५० च्या सुमारास स्वतः वाद्ये घडवण्यास प्रारंभ केला, असे मानले जाते. पुढे या कुटुंबांना ‘सतारमेकर’ हे आडनावच पडले.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांचे मिरजेत वास्तव्य होते. त्यांचे शिष्य अनंत मनोहर तथा अंतुबुवा जोशी हे आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंध संस्थानात गायक होते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेतच स्थायिक झाले व ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात म्हणून ओळखले जात. सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात तंबोऱ्याला असे जाणकार कान लाभले, ही गोष्ट कारागिरांच्या घडणीत लहान नव्हे.

भोपळ्याची दुरुस्ती

तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः पंढरपूर-मंगळवेढा परिसरात पिकतो. वाळल्यावर तो कठीण, पण ठिसूळ होतो. प्रवासातील धक्का, हवेतील आर्द्रतेचा फरक किंवा तारांचा सततचा ताण यांमुळे त्याला तडा जातो. फुटलेले तुकडे मालकाने जपून ठेवले असतील, तर काम पुष्कळ सोपे होते. कारण दोन भोपळ्यांची गोलाई तंतोतंत जुळत नाही आणि परका तुकडा मूळ जागी सहसा नीट बसत नाही.

दुरुस्तीसाठी प्रथम तारा उतरवतात. तडा खोल असल्यास भोपळ्यावरील लाकडी झाकण, म्हणजे तबली, अलगद सोडवतात. तड्याच्या कडा एकमेकींना भिडवून आतून सरसात भिजवलेल्या कापडी पट्ट्या लावतात आणि सरस वाळेपर्यंत भोपळा दोरीने आवळून ठेवतात. गळालेल्या कपच्यांची जागा लाकडाचा बारीक भुसा व सरस यांच्या लगद्याने भरली जाते. पृष्ठभाग घासून समतल केल्यावर नक्षीच्या तुटलेल्या रेषा पुन्हा कोरतात व त्यांत रंगीत लाख भरतात. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडालाख कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवली जाते.

सरस व लाख

जनावरांचे कातडे व हाडे यांपासून केलेला सरस ऊब व ओलावा मिळताच पुन्हा मऊ होतो. त्यामुळे त्याने जोडलेली तबली पुढील पिढीतील कारागिरालाही न मोडता उघडता येते. चपडालाखेचेही तसेच आहे: जुना थर स्पिरिटने विरघळतो आणि नवा त्यात मिसळून जातो. कृत्रिम गोंद लवकर व घट्ट धरतो, परंतु त्याने चिकटवलेले वाद्य पुन्हा उघडताना लाकूडच फाटण्याचा धोका असतो. घाईच्या दुरुस्तीची किंमत पुढे अशी मोजावी लागते.

जपानमधील किन्त्सुगी या कलेशी येथे तुलना उद्बोधक ठरते. तीत फुटलेली चिनी मातीची भांडी ‘उरुशी’ने सांधून सांध्यावर सोन्याची पूड लावतात. उरुशी हा एका झाडाचा चीक असून तो दमट हवेतच कठीण होतो, आणि एकदा कठीण झाला की सहसा विरघळत नाही. भारतीय लाख हा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव असतो; तो उष्णतेने वितळतो. किन्त्सुगीतील सांधा कायमचा आणि मिरवण्याचा; मिरजेतील सांधा पुन्हा सोडवता येणारा आणि झाकलेला. याचे एक कारण उघड आहे. भांडे डोळ्यांनी पारखले जाते, तंबोरा कानांनी.

जवारी

म्हणूनच भोपळा सांधल्याने दुरुस्ती पुरी होत नाही. घोडीचा माथा रुंद व किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्याला निसटता स्पर्श करते आणि तिच्यातून स्वरांची भरदार आस उमटते. तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या सुती दोऱ्याने हा स्पर्श नेमका साधता येतो. वापराने माथ्यावर चर पडले की तो कानसेने पुन्हा घासावा लागतो. थोडे अधिक घासले गेले तर आवाज बोथट होतो. पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरत. आता उंटाचे हाड व लाकूड वापरले जाते.

शिक्षण व सद्यःस्थिती

हे ज्ञान प्रामुख्याने घरातल्या घरात, थोरांच्या हाताखाली काम करत मिळते. घासकाम व पॉलिश नजरेने शिकता येते. जवारी मात्र कान तयार झाल्याखेरीज साधत नाही, आणि त्याला वर्षे लागतात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा रूढ झाल्यापासून रियाजासाठी खऱ्या तंबोऱ्याची गरज कमी भासू लागली. कष्टाच्या मानाने मिळकत तुटपुंजी असल्याने नवी पिढी अन्य व्यवसायांकडे वळत आहे.

२०२४ मध्ये मिरजेची सतार व मिरजेचा तानपुरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन तेथे घडलेल्या वाद्यांना आहे. अन्यत्र घडलेला, पण मिरजेत सांधून पुन्हा बोलता झालेला तंबोरा त्याच्या कक्षेत येत नाही.