पाइपच्या ड्रॉइंगची चोरी

हॅकिंग म्हटलं की आपल्याला विंगमधल्या कुणाचा तरी पासवर्ड उडवणं एवढंच आठवतं. पण सरकारी पगारावर हे काम करणारेही असतात.

वेस्टिंगहाऊस ही अमेरिकन कंपनी चीनमध्ये तिथल्या सरकारी कंपनीबरोबर एपी-१००० जातीच्या अणुभट्ट्या उभारत होती. २०१० मध्ये तिच्या कॉम्प्युटरमधून पाइप, त्यांचे सपोर्ट आणि राउटिंगची डिझाइन्स चोरीला गेली. तुम्ही म्हणाल, पाइपच ना? मेकॅनिकलवाल्यांना विचारा! गरम झाल्यावर पाइप किती वाढेल, भूकंपात किती हलेल, सपोर्ट कुठे द्यायचा, याच्या हिशेबात वर्षं जातात. ती आयती मिळाली तर रिसर्चचा खर्चच वाचला. (आपण जर्नल छापतो तसंच, फक्त इथे अणुभट्टी आहे.)

मे २०१४ मध्ये अमेरिकेने चिनी लष्कराच्या शांघायमधल्या युनिट ६१३९८ च्या पाच अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. चीनने सगळं साफ नाकारलं.

आत शिरायची युक्ती मात्र अगदी साधी. त्याच आरोपपत्राप्रमाणे २००८ मध्ये अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीच्या लोकांना डायरेक्टरच्या नावाने खोटी मेल आली, सोबत मीटिंगच्या अजेंड्याची फाइल. साहेबांची मेल कोण उघडणार नाही? पुढे तिथून २,९०७ मेल्स गेल्या.

सोलरवर्ल्ड या सोलर पॅनेलवाल्या कंपनीचं ड्रॉइंगवर भागलं नाही. २०१२ मध्ये तिचे खर्चाचे आकडे गेलेच, शिवाय चिनी मालाविरुद्ध चाललेल्या केसबद्दल वकिलांशी झालेला पत्रव्यवहारसुद्धा गेला.