सही आली, हिशेबाचं काय?

आज आपण सहीच्या पुढचं बोलणार आहोत. आपल्या बऱ्याच गटांत आता अंगठा मागे पडला, सही आली. चांगलं झालं. पण ज्या कागदावर सही केली त्यात मुद्दल किती, व्याज कशावर, हप्ते किती, हे वाचता आलं नाही तर सही आणि अंगठा यांत फरक तो काय? कर्ज दोन्हींनी आपल्याच डोक्यावर येतं.

एक हिशेब मांडू. 12,000 रुपयांचं कर्ज, मुदत बारा महिने, व्याज महिना शेकडा 2, दरमहा 1,000 रुपये मुद्दल फेडायचं. कोणी सरसकट व्याज लावलं, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण 12,000 वर धरलं, तर महिन्याला 240 प्रमाणे वर्षात 2,880 रुपये होतात. तेच व्याज राहिलेल्या मुद्दलावर धरलं तर पहिल्या महिन्यात 240, दुसऱ्यात 220, तिसऱ्यात 200, असं उतरत शेवटी 20. बेरीज 1,560. फरक झाला 1,320 रुपयांचा. सांगताना दोघंही ‘शेकडा दोन’च सांगतात. फरक कळतो तो कागद वाचल्यावर.

आता कोणी म्हणेल, आम्हाला या वयात गणित कुठलं येणार? बायांनो, गणित तुम्हाला येतं. बाजारात भाजीचा, शेतात मजुरीचा हिशेब तुम्ही तोंडी करताच. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट ठाऊक असेल. तिथल्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्या बाया लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कितीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून देतो. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. डोक्यातला हिशेब कागदावर आणायचा, एवढंच आपल्याला शिकायचं आहे.

शिकताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली आकड्यांची. आपण ‘बावन्न’ म्हणतो तेव्हा दोनाचा उच्चार आधी येतो, पण लिहिताना पाच आधी. म्हणून नवी शिकणारी 52 च्या जागी 25 लिहिते. यावर उपाय सोपा आहे. पन्नासची नोट आणि दोनचं नाणं समोर ठेवायचं. नोट आधी लिहायची, नाणं नंतर. दुसरी अडचण भाषेची. ज्या घरी अहिराणी, कोरकू किंवा गोरमाटी बोलतात, तिथल्या बाईला पुस्तकातली मराठी परकी वाटते. मग आधी तिच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी, तिचेच शब्द फळ्यावर लिहावेत, आणि तिथून ‘मुद्दल’, ‘शिल्लक’, ‘थकबाकी’ या शब्दांकडे यावं.

हे एकट्या गटाला पेलणारं नाही आणि पेलायची गरजही नाही. गावात ज्याच्याकडे जे आहे ते त्याने द्यावं. शाळेने संध्याकाळी एक खोली आणि फळा द्यावा. ग्रामपंचायतीने दिव्याची सोय करावी. बारावी झालेल्या मुलीने किंवा शिकलेल्या सुनेने आठवड्यातून दोन दिवस तासभर शिकवावं. बँक सखीने पैसे भरायच्या आणि काढायच्या कोऱ्या स्लिपा आणून द्याव्यात. लहान लेकरं सांभाळायची पाळी गटातल्याच बायांनी लावून घ्यावी. नाहीतर पहिली गैरहजर राहते ती तान्ह्या बाळाची आई.

अशी वाटणी होते तेव्हा काय घडतं, ते ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने दाखवलं. 8 मार्च 2016 ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला, एका धर्मादाय संस्थेने मदत दिली, गावातल्याच एका सुनेने शिकवायचं मनावर घेतलं. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत आल्या.

सरकारची वाटही आहे. केंद्र शासनाचा उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला आहे. वय 15 च्या पुढच्या निरक्षर व्यक्तीची त्यात नोंद होते आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात. शेवटी 150 गुणांची चाचणी होते: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. पास झालेल्याला प्रमाणपत्र मिळतं. नोंदणीची चौकशी गावातल्या शाळेत करा.

आणि वेळापत्रक आपल्या कामाप्रमाणे ठेवा. लावणी, काढणीच्या दिवसांत वर्ग बंद ठेवला तरी चालेल. फक्त पुन्हा सुरू करायची तारीख आधीच ठरवून इतिवृत्तात लिहा. तारीख नसली की सुट्टी लांबते.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे, लेखे अद्ययावत ठेवणं. ते एकट्या सचिवाचं काम नव्हे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक आणावं. आपलं नाव, शेवटची तारीख आणि शिल्लक, या तीन ठिकाणी बोट ठेवून वाचावं. जिला येत नाही तिच्याशेजारी जिला येतं तिने बसावं. वर्ग तिथूनच सुरू होतो.