एका मिलिमीटरच्या टोकाची चाळीस वर्षं

काचेच्या फायबरचा इतिहास पुष्कळदा सांगून झाला आहे. प्लॅस्टिकच्या फायबरकडे मात्र फारसं कुणी वळून पाहत नाही. सीएनसी मशिनच्या पॅनलमध्ये, विजेच्या मोठ्या मोटरींच्या ड्राइव्हमध्ये, घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या पाठीमागे असते ती हीच केबल. आत जेमतेम एक मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा धागा आणि त्यावर बहुधा काळं वेष्टण, सगळं मिळून जाडी २.२ मिलिमीटर.

१९६० च्या दशकात ड्यूपॉन्टनं ‘क्रोफॉन’ आणला, पुढच्या दशकात मित्सुबिशी रेयॉनचा ‘एस्का’ आला. प्लॅस्टिक अधिकाधिक शुद्ध होत गेलं, तरी आजही लाल प्रकाश या धाग्यात मीटरला साधारण ०.२ डेसिबल घटतो. म्हणजे १५ मीटरवर निम्माच उरतो. काचेशी याची बरोबरी होऊच शकत नाही. पण धागा जाड असल्यानं साधा लाल एलईडी पुरतो, आणि टोक साइटवर, हातानं तयार करता येतं. माझ्या मते या केबलचं मोठेपण त्यातच आहे.

१९८३ मध्ये तोशिबाचा टॉसलिंक कनेक्टर आला. त्यात टोक कारखान्यातूनच तयार होऊन यायचं. वापरणाऱ्यानं टोपी काढायची आणि केबल खोचायची. ह्युलेट-पॅकार्डनं त्याच दशकात आणलेल्या ‘व्हर्सटाइल लिंक’ची वाट वेगळी होती. कनेक्टर, पॉलिशचा ठोकळा, ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणि ३ मायक्रॉनची गुलाबी फिल्म, एवढ्यावर कुणालाही कनेक्टर बसवता यायचा. नव्या कोऱ्या ब्लेडनं केबल काटकोनात कापायची. वेष्टण सुमारे ७ मिलिमीटर सोलायचं, तेही धाग्याला चरा न पाडता. धागा कनेक्टरच्या तोंडाबाहेर निदान दीड मिलिमीटर येईल असा सरकवून क्रिम्प करायचा. मग ठोकळ्यात धरून, सपाट पृष्ठभागावर, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासायचा. ठोकळ्याच्या तळाला झिजेचे ठिपके होते. त्यातला एखादा दिसेनासा झाला की ठोकळा बदलायचा.

घाई असली की पुष्कळ जण गुलाबी फिल्म वगळत. कंपनीच्या माहितीपत्रकानुसार त्या शेवटच्या हातानं अर्धा डेसिबल वाचतो. अर्धा डेसिबल म्हणजे अडीच मीटर केबल! दोन मिनिटांच्या कामात एवढं मिळतं, म्हणून ती पायरी सोडू नये असं मी आजही आग्रहानं सांगतो. ह्युलेट-पॅकार्डचा हा विभाग पुढे अजिलेंट, मग अव्हागो, मग ब्रॉडकॉम झाला. खोक्यावरचं नाव बदलत गेलं, ही पद्धत टिकली.

१९९० च्या दशकात मशिन टूलमध्ये याच केबलनं ड्राइव्ह जोडणारं सर्कोस हे जाळं आलं. १९९५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यात सगळे ड्राइव्ह एका कड्यात जोडलेले असतात, त्यामुळे एक टोक खराब झालं तरी सगळं मशिन थांबतं. याच काळात लोकांना कळलं की टोकाइतकीच केबलची हाताळणीही सांभाळावी लागते. २५ मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवली की प्रकाश गळतो. केबल टाय करकचून आवळला तरी तेच. थिनर किंवा ॲसिटोननं पुसलं की ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. मित्सुबिशी इलेक्ट्रिकनं एसएससीनेट थ्री या आपल्या ड्राइव्हच्या जाळ्याच्या पुस्तिकेत टोक फक्त न विणलेल्या कापडानं पुसायला सांगितलं, अल्कोहोलसारखं द्रावकही वापरायला मनाई केली, आणि व्हिनाइल टेपपासून केबल दूर ठेवायला सांगितली, कारण टेपमधलं प्लास्टिसायझर झिरपून केबलला बाधतं. पॅनलमध्ये वायरींचा जुडगा टेपनं गुंडाळायची आपल्याकडची सवय इथं घातक ठरते.

२००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून मोस्ट नावाचं जाळं मोटारींत शिरलं. उष्णतेनं धागा वेष्टणात मागेपुढे सरकू नये म्हणून फेरूल कारखान्यात लेझरनं वेल्ड होऊ लागलं. काम पक्कं झालं, पण मेकॅनिकच्या हातून ते गेलं.

सुरक्षेचा विचार करताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सवयीची. प्लॅस्टिक फायबरचा लाल प्रकाश डोळ्यांना दिसतो. केबल काढून ‘लाल दिसतोय का’ एवढं पाहिलं की निम्मं निदान होतं, त्यामुळे टोकात डोकावायची सवय लागते. ते टोक तळहातावर किंवा कागदावर धरून पाहिलं तरी लाल ठिपका दिसतो, तसंच पाहावं. कारण लांब अंतरासाठी त्याच पॅनलमध्ये काचेची केबलही असते, बाहेरून कधी कधी तेवढीच जाड. तिच्यातला इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही, आणि तो लेझरचा असला तर डोळ्याला इजा करू शकतो. काचेच्या तुकड्यांची कूसही बोटात शिरते. प्लॅस्टिकला कूस नाही, त्यात धोका ब्लेडचा. केबल हातात न धरता फळीवर दाबून कापावी, तुकडे डब्यात टाकावेत आणि कुठलीही केबल आधी काचेची समजूनच हाताळावी.

पुढे आलेल्या, आयर्लंडच्या फायरकॉम्सच्या ऑप्टोलॉकमध्ये कनेक्टरच लागत नाही. सरळ कापलेली केबल खाचेत घालून दाबायची. २०१७ मध्ये प्लॅस्टिक फायबरवरच्या गिगाबिट इथरनेटचं मानकही आलं. दुसरीकडे सर्कोसची तिसरी पिढी मुख्यतः तांब्यावर गेली. पण हजारो व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आयजीबीटीला (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला) इशारा पोचवायला विजेपासून अलिप्त असा धागाच लागतो. पॅनल बसेपर्यंत तिथं केबल किती लांब लागेल ते नेमकं ठरत नाही. त्यामुळे टूलकिटमध्ये नवं ब्लेड, ६०० चा पेपर आणि ती गुलाबी फिल्म अजूनही ठेवावी लागते.