रापण की गरी? जुन्या लॅपटॉपवरही मोठा डेटा हाताळणारा ‘आयटरेटर’

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. किनाऱ्याची धूप ही इथली जुनी काळजी. समजा, इथल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे संगमावरच्या पाणीपातळीची दर मिनिटाची २० वर्षांची नोंद आहे. म्हणजे सुमारे १ कोटी ५ लाख ओळी! सगळ्या एकदम मेमरीत घेतल्या, तर जुना लॅपटॉप अडकून बसू शकतो. मग करायचं काय?

आयटरेटर म्हणजे काय?

रापण ओढली की जाळ्यातली सगळी मासळी एकदम किनाऱ्यावर येते. गरीला मात्र एका वेळी एकच मासा लागतो. पायथॉनमधली ‘लिस्ट’ रापणीसारखी, तर ‘आयटरेटर’ गरीसारखा. तुम्ही मागाल तेव्हा तो पुढची एकच गोष्ट देतो. १ कोटी वेगवेगळ्या आकड्यांची लिस्ट ३५० एमबीहून जास्त मेमरी घेते. तेच आकडे एकेक करून घेतले, तर अगदी थोडी मेमरी पुरते. पण लक्षात ठेवा, आयटरेटर एकदा संपला की संपला. पुन्हा पहिल्यापासून हवं असेल, तर नवा घ्यावा लागतो.

तयार साधनं कुठे मिळतात?

‘आयटरटूल्स’ हा संच २००३ मध्ये पायथॉन २.३ सोबत आला. त्याच्या जोडीला ‘मोअर-आयटरटूल्स’ ही मोफत, ओपन सोर्स लायब्ररी आहे. तिचं ‘चंक्ड’ फंक्शन ओळींचे हजार-हजारांचे गठ्ठे करून देतं. अशीच सोय २०२३ मध्ये ‘बॅच्ड’ नावाने थेट पायथॉन ३.१२ मध्ये आली.

आपण हातभार कसा लावायचा?

ओपन सोर्सचं काम मात्र रापणीसारखंच, अनेक हातांनी ओढायचं. ‘मोअर-आयटरटूल्स’चा कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला आहे. सुरुवात छोटी करा:

• माहितीपानातली चूक किंवा अस्पष्ट उदाहरण शोधा.
• आधी कोणी तोच प्रश्न मांडलाय का, ते बघा. नसेल तर ‘इश्यू’ लिहा.
• कोडची स्वतःची प्रत घेऊन बदल करा, सोबत टेस्ट जोडा.
• ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवा. म्हणजे ‘माझा बदल तपासा आणि आत घ्या’ अशी विनंती.

बदल नाकारला गेला, तरी मिळालेला अभिप्राय शिकवून जातो. आणि स्वीकारला गेला, तर देवबागेतून पाठवलेली एक ओळ जगभरातल्या प्रोग्रामरांच्या उपयोगी पडते. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.