लोणारची विष्णुगया आणि न वाहणारे पाणी

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती लिहिली. त्यात मेहकरकडच्या लोणारबद्दल त्याने दोन गोष्टी एकाच दमात नोंदवल्या आहेत. डोंगरांनी वेढलेल्या इथल्या खाऱ्या सरोवरातून काच, साबण आणि सोऱ्यासाठी लागणारा माल मिळतो, ही एक. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, ही दुसरी. पितरांच्या उद्धारासाठी जिथे पुण्यकर्म करावे अशा तीन गया त्याने सांगितल्या आहेत: बिहारमधली ब्रह्मदेवाची, विजापूरकडची रुद्राची आणि ही विष्णूची. म्हणजे लोणार हे पितरांचे तीर्थ आहे, ही समजूत किमान सव्वाचारशे वर्षांची तरी आहे. सरोवराच्या काठाशी असलेल्या एका प्राचीन मंदिराचे आणि झऱ्याचे नावच रामगया आहे. आज याच सरोवराचे पाणी कसे राखायचे यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे सुनावण्या होत आहेत. गेलेल्या माणसाचा मान राखायचा आणि ज्या पाण्याच्या साक्षीने तो राखायचा ते पाणीही राखायचे, हा पेच महाराष्ट्रात अनेक घाटांवर आहे. पण तो लोणारइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही, कारण इथल्या पाण्याला बाहेर जायला वाटच नाही.

या शेवटच्या गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून आहे, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. दख्खनच्या काळ्या पाषाणावर उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. आत पावसाचे पाणी येते, धारतीर्थासारखे झरे येतात, उतारावरून ओहोळ येतात. बाहेर मात्र एकही प्रवाह जात नाही. पाणी जाते ते फक्त उन्हाने वाफ होऊन, आणि वाफ आपल्याबरोबर क्षार नेत नाही. हजारो वर्षे हे असेच चालल्यामुळे इथे सोडियमचे कार्बोनेट आणि क्लोराइड साचत गेले आणि पाण्याचा सामू दहाच्या वर पोचला. अशा पाण्यात मासा जगत नाही. जगतात ते या क्षारतेला सरावलेले सूक्ष्म जीव आणि नीलहरित शैवाल. जून २०२० मध्ये सरोवर अचानक गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमध्ये शोधले. पाणी आटले, क्षार वाढले आणि हे रंगीत जीव फोफावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. ज्या गुणामुळे ते मिळाले तोच गुण या सरोवराला नाजूकही करतो. आत पडलेले बाहेर जात नाही.

आता श्राद्धाकडे येऊ. वाहत्या पाण्यात अस्थी सोडण्याची आपली रीत पाणी वाहते या गृहीतावर उभी आहे. नाशिकला रामकुंडात, पैठणला, एखाद्या संगमावर माणूस रक्षा सोडतो आणि ती पुढे समुद्राकडे जाईल असे मानतो. धरणांनी आणि काँक्रिटच्या तळांनी हे गृहीत गोदावरीवरही पुष्कळ खिळखिळे केले आहे, पण लोणारमध्ये ते मुळातच लागू नव्हते. इथे राख, निर्माल्य, कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या, देव्हाऱ्यातल्या जुन्या तसबिरी, जे जे धारतीर्थाच्या धारेखाली किंवा काठावर सोडावे ते तळाशी जाऊन बसते. आणि हा तळ साधा चिखल नाही. शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांत गेल्या सुमारे ११,००० वर्षांच्या पावसाळ्याची नोंद सापडली आहे. गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक कोणत्या थरात आहेत त्यावरून दीर्घ दुष्काळाचे काळ ओळखता आले. त्यांतला एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आहे. मध्य भारताच्या पावसाचा इतका सलग लेखाजोखा फार थोड्या ठिकाणी मिळतो. त्याच्या वरच्या थरात आपण काय मिसळतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्वच्छतेचा राहत नाही.

इथे एक आक्षेप ताबडतोब येईल, आणि तो रास्त आहे. अख्ख्या गावाचे सांडपाणी सरोवराकडे वाहत असताना एखाद्या कुटुंबाच्या मूठभर राखेवर बोट का ठेवायचे? याचे उत्तर भावनेने न देता हिशोबाने द्यावे. पाण्यातल्या शैवालाचे संतुलन बिघडवणाऱ्या घटकांत फॉस्फरस मुख्य मानला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरात तो साधारण ७०० ग्रॅम असतो आणि त्यातला बहुतेक, म्हणजे सुमारे ८५ टक्के, हाडांत आणि दातांत. जिवंत माणूस मलमूत्रातून दररोज एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. वर्षाला अर्धा किलोच्या आसपास. वीस हजार वस्तीच्या गावाचे वर्षाचे हे ओझे दहा टनांच्या घरात जाते. तेवढ्याच वस्तीत वर्षाला सव्वाशे मृत्यू धरले आणि सगळ्यांच्या अस्थी सरोवरात गेल्या असे मानले, तरी फॉस्फरस भरेल पंचाहत्तर किलो. शिवाय हाडातला हा फॉस्फरस कॅल्शियमशी बांधलेला असतो. लोणारच्या अल्कधर्मी पाण्यात तो फारसा विरघळत नाही. दहा टनांतले सगळे सरोवरात पोचत नाही हे खरे, पण त्याचा दहावा भाग पोचला तरी तो सगळ्या अस्थींच्या दसपट होतो. सांडपाण्याबरोबर गोडे पाणीही येते आणि क्षारता पातळ करते, हा आणखी एक धोका. ती पातळ झाली की इथल्या खास जीवांची जागा सामान्य पाण्यातले जीव घेऊ लागतात.

तेव्हा सरोवराच्या दुखण्याचे खापर श्राद्ध करणाऱ्यांवर फोडणे अन्यायाचे आहे, हे मी स्पष्टपणे म्हणेन. मृतांपेक्षा जिवंतांचा भार कितीतरी मोठा आहे आणि मलनिस्सारणाची जबाबदारी नगरपालिकेची व शासनाची आहे. पण या हिशोबातून ‘मग आमचे चालू द्या’ असा अर्थ काढणेही बरोबर नाही. सांडपाणी थांबवणे एका कुटुंबाच्या हातात नसते. राख कुठे ठेवायची हे मात्र पूर्णपणे त्याच्याच हातात असते. शिवाय जो समाज आपल्या पितरांच्या नावाने या पाण्याला पवित्र मानतो, त्याने स्वतःच्या विधीपुरती शिस्त पाळली की सांडपाण्याविरुद्ध बोलताना त्याचा आवाज जड होतो. सरोवराला तीर्थ म्हणणाऱ्यांएवढा त्याच्या पाण्यावर नैतिक हक्क दुसऱ्या कुणाचा असणार?

परंपरेच्या नावाने घेतला जाणारा आक्षेप याहून खोल आहे. अस्थी पाण्यात गेल्या नाहीत तर गेलेल्याला गती मिळणार नाही, ही भीती दुःखात असलेल्या घराला खरोखर वाटते आणि तिची चेष्टा करणे निर्दयपणाचे आहे. पण परंपरा पाहायची तर ती पुरी पाहावी. आश्वलायन गृह्यसूत्रात दहनानंतर अस्थी वेचून कुंभात ठेवायला आणि तो कुंभ खड्ड्यात पुरायला सांगितले आहे. आणि जागा अशी हवी की पावसाखेरीज दुसरे पाणी चहूकडून वाहत तिथे येऊ नये. लोणारचे विवर याच्या नेमके उलट आहे. चहूबाजूंचे पाणी वाहून जिथे गोळा होते तीच ही जागा. पिंडाच्या बाबतीत मनुस्मृती तर पर्यायच देते: गाईला द्यावा, ब्राह्मणाला, बोकडाला किंवा अग्नीला द्यावा, अथवा पाण्यात सोडावा. पाणी हा त्यांतला एक मार्ग आहे, एकमेव नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, श्राद्ध आणि तीर्थयात्रा यांचा जो विस्तार मांडला आहे, तो वाचणाऱ्याला एक गोष्ट पटते. हे विधी काळाप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे सतत बदलत आले आहेत, आणि बदलाला शास्त्रकारांनी जागा ठेवली आहे.

आणि मराठी मुलखात मातीला अस्थी देण्याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. आपल्याला मिठात घालून राहत्या घराच्या आवारात पुरावे अशी त्यांची इच्छा होती. पुण्याच्या नगरपालिकेने ती परवानगी दिली नाही, म्हणून दहन झाले. पण अस्थी नदीकडे न जाता त्याच आवारात ठेवल्या गेल्या आणि तिथे समाधी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी दादरच्या चैत्यभूमीवर आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर आहेत, आणि लाखो माणसे तिथे दरवर्षी जातात. लिंगायत समाजात दफन होते. महानुभाव पंथातही आहे, आणि त्या पंथाचे चक्रधरस्वामी लोणारला राहून गेल्याच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत. लोणारच्या मुस्लिम कुटुंबांचे कब्रस्तान वेगळेच. या सगळ्यांच्या स्मृती पाण्यावाचून टिकल्या. गेलेल्याची आठवण कुठल्या तत्त्वाशी जोडायची याची निवड आपल्याकडे कायम होती.

निसर्ग बदलला की विधीला बदलावेच लागते, याचा सर्वात कठोर अनुभव मुंबईच्या पारशी समाजाने घेतला आहे. देह गिधाडांना अर्पण करण्याची त्यांची पद्धत मुळात जमीन, पाणी आणि अग्नी मलिन होऊ नयेत म्हणूनच होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडे जवळजवळ संपली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. गिधाडांच्या अभावी डुंगरवाडीवर, म्हणजे जिथे देह ठेवले जातात त्या जागी, सूर्यकिरण एकवटणारे आरसे लावले गेले, काहींनी दहनाचा मार्ग धरला आणि त्यावर समाजात तीव्र वाद झाले. त्या समाजाला बदल करावा लागला तो निसर्गाने हात टेकल्यावर. लोणारमध्ये अजून आपल्याला वेळ आहे, आणि तो वेळ वादात घालवू नये असे मला मनापासून वाटते.

पर्याय म्हणून लोक चटकन सुचवतात ते स्मृतिवृक्ष. कल्पना चांगली आहे, पण तिच्यातही विचार लागतो. विवराच्या उतारांवर वेडी बाभूळ इतकी माजली की ती काढणे हेच वनविभागाचे मोठे काम होऊन बसले. तेव्हा हिरवे दिसते म्हणून काहीही कुठेही लावणे हा निसर्गाचा सन्मान नव्हे. विवर अभयारण्य आहे, तिथे खाजगी झाडे लावण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या शेताच्या बांधावर चिंच, उंबर, बोर, कडुनिंब लावावे, उन्हाळ्यात त्याला पाणी घालायला माणूस असेल तिथेच लावावे. राखेबद्दलही एक सांगायला हवे. लाकडाची राख तीव्र अल्कधर्मी असते आणि वऱ्हाडची काळी जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली. सगळी राख एका रोपाच्या बुडाशी ओतली तर रोप जळते. ती रानभर पातळ पसरावी, थोडी खड्ड्यात मातीत कालवावी. अस्थी वेगळ्या, खोल पुराव्यात.

सरणाचा भागही विसरता येत नाही, कारण तिथे होणारे नुकसान राखेपेक्षा मोठे आहे. एका दहनाला साधारण ३०० ते ५०० किलो लाकूड लागते. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेले मोक्षकाष्ठ काही घाटांवर वापरात आले आहे. लोणारच्या बुलढाणा जिल्ह्यात पऱ्हाट्या, तुराट्या आणि सोयाबीनचे कुटार यांची कमतरता नाही; त्यातले पुष्कळसे बांधावर पेटवून दिले जाते. त्याच काडीच्या कांड्या होऊन तालुक्याच्या स्मशानभूमीत आल्या तर झाडेही वाचतील आणि गरीब घराचा लाकडाचा खर्चही. चितेचा अग्नी, मुखाग्नी, कपालक्रिया यातले काहीही सोडावे लागत नाही. विद्युतदाहिनीला नकार देणाऱ्या अनेकांची हरकत हीच असते, की अग्नी आपल्या हाताने देता येत नाही. इथे ती हरकत उरत नाही.

राहतो तो सर्वात माणुसकीचा आक्षेप: घरात माणूस गेलेले असताना कुणाला पर्यावरणाचा उपदेश करायचा? खरेच, त्या घडीला करू नये. तिसऱ्या दिवशी राख सावडून हातात गाठोडे घेऊन उभ्या असलेल्या मुलाला सामूचे आकडे ऐकवणे अशोभनीय आहे. म्हणूनच व्यवस्था आधी व्हायला हवी. आपल्यामागे काय करावे हे म्हाताऱ्या माणसांनी जिवंतपणी घरात सांगून ठेवावे. आपल्याकडे ते अशुभ मानले जाते, पण मागे राहिलेल्यांना त्याने फार मोठा आधार मिळतो, कारण मग भाऊबंदांच्या टोमण्यांना ‘त्यांचीच इच्छा होती’ एवढे उत्तर पुरते. आणि नगरपालिकेने, मंदिरांच्या विश्वस्तांनी व गावातल्या गुरुजींनी मिळून विवराच्या काठाबाहेर, जिथला उतार आत जात नाही अशा बाजूला, श्राद्धासाठी जागा करावी. पिंड गाईला किंवा कावळ्याला जातील, तिलांजलीचे पाणी झाडांच्या आळ्यात जाईल, अस्थींसाठी सामाईक भूमी असेल, निर्माल्याचे खत होईल. धारेचे दर्शन घ्यावे, तिचे पाणी तांब्यात घेऊन वर यावे आणि संकल्प तिथे सोडावा. साबण लावून अंघोळ मात्र धारेखाली नको. अबुल फजलला ज्या पाण्याची कीर्ती ऐकू आली त्या पाण्याचे नाव घेऊनच हे सारे करता येते. भाद्रपदातला पितृपंधरवडा दरवर्षी येतो. अशी जागा आणि तिथले गुरुजी एका वर्षी सर्वपित्री अमावास्येच्या आत तयार झाले, तर पुढच्या वर्षी बाहेरगावहून येणारे यात्रेकरू न सांगता तिकडेच वळतील.