शिफारसपत्र लिहिताना

दिवाळीची सुटी जवळ आली की महाविद्यालयीन शिक्षकांच्या वाट्याला एक नेहमीचे काम येते. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणारे विद्यार्थी शिफारसपत्रासाठी येऊ लागतात. यंदा आला तो मुलगा माजिवड्याचा. नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता जेथे एकमेकांपासून फुटतात, त्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचे दोन खोल्यांचे घर आहे. वडील एका खाजगी कारखान्यात हिशेबनीस, आई माध्यमिक शाळेत शिक्षिका. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणासाठी हेच घर बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढावयाचे ठरले आहे. मुलगा हुशार आहे, पत्र लिहिण्यास माझी काही हरकत नव्हती. पण जाताना त्याने दाराशी थांबून विचारले, ‘सर, व्हिसाच्या खिडकीवर परत येणार का म्हणून विचारतात. काय सांगू?’

प्रश्न साधा वाटला तरी तसा नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्यानुसार विद्यार्थी म्हणून जाणारा प्रत्येकजण कायमचा राहावयास निघाला आहे असेच आधी गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यावयाचे असते. म्हणजे घरदार, आईवडील, मायदेशाशी असलेले बंध यांचा दाखला देऊन तरुणाने परतीचे वचन द्यावयाचे. त्याच विद्यार्थ्याला शिक्षणानंतर वर्षभर, आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञान वा गणिताच्या कक्षेतला असल्यास आणखी दोन वर्षे, तेथेच काम करण्याची सवलतही तोच देश देतो. वचन घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही त्याची किंमत ठाऊक असते.

असेच वचन सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका मुलीने दिले होते, आणि तिच्याकडून ते कोणत्याही खिडकीवर मागितले गेले नव्हते. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणचा. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखातून झाला. हिंदुस्थानात त्या काळी एका हिंदू स्त्रीला स्वधर्म न सोडता ते शिक्षण मिळणे दुरापास्त होते. गोपाळरावांची एका मिशनऱ्याशी झालेली पत्रे अमेरिकेतील एका नियतकालिकात छापली गेली, ती न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता वाचली, आणि त्यातून ही सारी कथा पुढे गेली. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, आनंदीबाईंनी भरसभेत आपण का जात आहोत हे सांगितले. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच येथे परत येऊन राहू, अशा आशयाचे ते भाषण होते. मार्च १८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम देऊ केले होते. ते काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बावीसही पूर्ण नव्हते. पुढे त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

या कथेतील शौर्य आणि कारुण्य मराठी वाचकाला पाठ आहे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाचे लक्ष मात्र तिच्यातील एका रुक्ष तपशिलाकडे जाते. आनंदीबाई परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी कोल्हापुरात एक खुर्ची राखून ठेवलेली होती. गावाचे, रुग्णालयाचे, पदाचे नाव ठरलेले होते. नुसत्या देशप्रेमाला उतरावयाला एक धक्का लागतो, आणि तो धक्का कोणीतरी बांधून ठेवावा लागतो.

पुढच्या काळातील उदाहरणे हेच सांगतात. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी भारतात परतून एकत्र काम करण्याची तयारी दर्शविणारी पत्रे येथील संस्थांना धाडली. होमी भाभांनी तारेने होकार कळविला. चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये स्टॅनफर्ड सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि उटीची दुर्बीण व पुढे नारायणगावजवळ खोडद येथील महादुर्बीण त्यांच्या हातून उभी राहिली. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून त्याच संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले तेव्हा त्यांच्या परतण्याचा गौरव सर्वांनी केला, आणि तो रास्तच होता. परंतु परतणाऱ्याचा त्याग गाताना बोलावणाऱ्याचे आपल्याला सहसा विस्मरण होते. अभय आणि राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ मध्ये आले आणि गडचिरोलीला जाऊन त्यांनी स्वतःच आपला धक्का बांधला, हे खरे. तशी माणसे विरळा, आणि विरळांच्या भरवशावर धोरण आखता येत नाही.

सत्तरच्या दशकात या प्रश्नाचा विचार वेगळ्या अंगाने झाला. ‘बुद्धिगळती’ हा शब्द तेव्हा रूढ झाला. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांसाठी दार उघडले होते, आणि सरकारी खर्चाने शिकलेले डॉक्टर आणि इंजिनियर खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसू लागले होते. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी त्या सुमारास सुचविले की, गरीब देशातून श्रीमंत देशात गेलेल्या प्रशिक्षितांच्या वाढीव उत्पन्नावर काही वर्षे अधिभार बसवावा आणि ती रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी वापरावी. (सूचना करणारे गृहस्थ स्वतः १९६८ साली दिल्लीहून अमेरिकेत गेले होते. यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. गळतीचा हिशेब तिच्यातून वाहून गेलेल्याला अधिक चांगला मांडता येत असावा.) युक्तिवाद नेटका होता. समाजाने जे पेरले त्याच्या पिकाचा काही हिस्सा समाजाला मिळावा.

आज हा युक्तिवाद मुळातच बदलावा लागतो. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली, तेव्हापासून उच्च शिक्षणाचा भार हळूहळू सरकारी तिजोरीवरून कुटुंबाच्या खांद्यावर सरकला. परदेशी शिक्षणाचा तर सगळाच भार कुटुंबावर. ज्या देशात एकेकाळी प्रवाशाला परकीय चलन मोजून मिळे, त्याच देशात २००४ पासून व्यक्तीला बाहेर पैसा पाठविण्याची मुभा आहे, आणि आज तिची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. या वाटेने केवळ शिक्षणासाठी २०२३-२४ मध्ये सुमारे ३४८ कोटी डॉलर बाहेर गेले. तेव्हा माजिवड्याच्या या मुलावर राष्ट्राचे ऋण आहे असे म्हणताना मला संकोच वाटतो. त्याच्यावर ऋण आहे ते बँकेचे, आणि त्याखाली आईवडिलांच्या दोन खोल्या आहेत.

याला उत्तर म्हणून जमेची बाजू दाखविली जाते. अनिवासी भारतीयांनी २०२४ साली सुमारे १२,९०० कोटी डॉलर मायदेशी पाठविले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. जगातील कोणत्याही देशाला एवढी रक्कम येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यांपैकी सुमारे २८ टक्के रक्कम अमेरिकेतून आली आणि राज्यांत महाराष्ट्राचा वाटा पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक निघाला. केरळलाही त्याने मागे टाकले. मुंबईतील बँकांतून येणारा पैसा महाराष्ट्राच्या खाती मांडला जात असल्याने या आकड्याने फार हुरळून जाऊ नये. पण रक्कम मोठी आहे, आणि परकीय चलनाच्या चणचणीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना तिचे मोल कळते.

या जमाखर्चात एक रकाना नसतो. तो माजिवड्यात सायंकाळी फिरावयास निघाले की दिसतो. जेथे गावठाण, शेते आणि आसपास कारखाने होते तेथे आता वीस-तीस मजल्यांचे मनोरे आहेत. त्यांच्या खालच्या बागेत बाकावर बसणारी साठी-सत्तरीची माणसे एकमेकांना वेळ विचारतात ती न्यू जर्सीची किंवा टेक्ससची. पैशाची ददात नाही. आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर टाकणारा २००७ चा कायदा यांच्या काहीच कामाचा नाही, कारण पोषण नियमित होते आहे. उणीव आहे ती रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेत शेजारी बसणाऱ्या माणसाची.

हे दृश्य कोकणातून आलेल्या माझ्यासारख्याला अपरिचित नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरोघरी मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहिली जात असे. चाकरमानी गणपतीला येई, घर शाकारून जाई आणि निवृत्तीनंतर गावी राहण्याचा मनसुबा सांगे. माझ्या आजोबांनी तो तीस वर्षे सांगितला. कधीही ‘परतणार नाही’ असे ते म्हणाले नाहीत. आधी मुलांच्या शाळा, मग मुलीचे लग्न, मग गुडघे, असे होत होत ते डोंबिवलीतच संपले. परतणे रद्द होत नाही, ते पुढे ढकलले जाते. गावाकडच्या बंद घरांची रांग अशाच पुढे ढकललेल्या परतीची बनलेली आहे.

अमेरिकेत ही ढकलाढकल कायद्यानेच होते. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला मूलतः १,४०,००० आणि एका देशाला त्यांतील सात टक्क्यांहून अधिक नाहीत. त्यामुळे लक्षावधी भारतीय या रांगेत उभे आहेत, आणि ती त्यांच्या निवृत्तीपूर्वी संपेलच असे नाही. येथून लहानपणी नेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की सहसा आईवडिलांच्या छत्रातून बाहेर पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी परदेशातून आणावयाच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यासाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला, तेव्हा कोठे अनेकांना आपण तेथे पाहुणे आहोत याची जाणीव झाली. ज्यांची रांग संपते ते पुढे नागरिकत्व घेतात. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, म्हणून त्यांना येथले सोडावे लागते. एकट्या २०२४ मध्ये असे दोन लाखांहून अधिक भारतीयांनी सर्व देशांत मिळून केले. सागरपार नागरिकाचे कार्ड हाती राहते. त्यावर येथे राहता येते, मत देता येत नाही.

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या पुस्तकात मांडले की, एखादी संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठविणे, आणि जाणे सोपे झाले की ज्यांचा आवाज सर्वांत परिणामकारक ठरला असता तेच आधी जातात. हे मला पाण्यासाठी, पदपथासाठी, मैदानासाठी भरणाऱ्या आमच्या भागातील सभांत दिसते. तेथे येणारे बहुतेक निवृत्त असतात. तरुण मुलांना या गावात दहा वर्षांनी आपण असू असे वाटत नाही, मग पदपथासाठी भांडावे कोणी? दुसरीकडे, हे मनोरे ज्यांनी बांधले ते बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर. ते येथे राहावयास राजी आहेत, पण त्यांना कोणी सभेचे आमंत्रण देत नाही.

मग मुलाला जाऊ नको म्हणावे काय? मी तसे म्हणणार नाही. समजा तो सहा-सात वर्षांनी अर्थशास्त्राची पीएच.डी. घेऊन परतला आणि माझ्याच खोलीत येऊन म्हणाला, ‘सर, आलो. काम द्या.’ राज्यभर अनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि पदवीधर, पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर शिकवितात. सुटीच्या महिन्यात त्यांना पगार नसतो. मी त्याला काही तासिका देऊ शकेन, तेही तोपर्यंत कोणा दुसऱ्याच्या वाट्याच्या काढून. संस्थानी कोल्हापुराने १८८६ साली वयाची एकवीस वर्षे पार केलेल्या मुलीसाठी जे केले, ते आज आमच्या विभागाला करता येत नाही. परदेशस्थांसाठी मेळावे भरविणे सोपे आहे. केरळने १९९६ साली आपल्या स्थलांतरितांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि १९९८ पासून घरोघरी जाऊन त्यांची नियमित पाहणी सुरू झाली. कोण गेले, कोण परतले आणि परतल्यावर काय करीत आहे, हे मोजण्याइतके तरी गांभीर्य त्यात आहे. महाराष्ट्राने ते उचलावे, आणि मोजणीबरोबर रिकाम्या जागाही भराव्यात.

खिडकीवर काय सांगावे, याचे उत्तर मी त्याला दिले. आज तुझ्या मनात परतण्याचा विचार आहे ना, मग तसेच सांग, ते खोटे नाही. तो हसला. माझे समाधान त्याला पुरते पटले नसावे.

दोन दिवसांनी त्याच्या आईचा दूरध्वनी आला. ‘सर, रविवारी वेळ असेल तर बँकेचे कागद घेऊन येऊ का? समजा, शिकून तो लगेच परत आला आणि इथल्या पगारातून कर्ज फेडायचे म्हटले, तर जमेल का, एवढेच मांडून द्या.’ त्या आल्या. कर्ज चाळीस लाखांचे, व्याज अकरा टक्के. दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला पंचावन्न हजारांचा हप्ता, पंधरा वर्षांत फेडावयाचे तर साडेपंचेचाळीस हजारांचा. शिक्षणाच्या काळात चढणारे व्याज वेगळे. येथे त्याला पहिल्या नोकरीत काय मिळेल हे मी विचारले नाही, त्यांनीच कागदाच्या कडेला ‘पस्तीस’ असे लिहिले होते. त्यांनी दोन्ही आकडे नीट उतरवून घेतले, कागद पिशवीत ठेवला आणि पत्र कधी पाठवणार म्हणून विचारले. मी ते त्याच संध्याकाळी पाठविले.